तीनवार

सोमवारचा बाजार. टायवी नदीवरचं धुकं अजून उठलेलं नाही.
पत्र्याखाली मेंढ्यांच्या अंगाची वाफ,
आणि दाराशी औषधी पाण्याची परात,
बूट बुडवूनच आत यायचं.
त्या वासाची नि माझी जुनी ओळख आहे.
उधारी थकलेला माणूस दुकानावरून जातो
तशी मी नाक वळवून जाते.

मी एलिनेड. बावीस वर्षं लिलाव पुकारतेय.
माझ्याआधी वडील पुकारायचे.
म्हणायचे, हातोडी काय, कुणीही आपटेल,
माल विकतो तो गळा.

रिंगणात योर्वर्थचा एडका.
पिवळट तोंडाचा, स्वतःच्या किमतीची खात्री असलेला.
चारशे वीस गिनी. चारशे चाळीस.
कोपऱ्यातून एक टोपी हलते, चारशे साठ.
एकवार.
दोनवार.

आणि

दार लागतं.

दुखत नाही काही. अडकलेलं नाही काही.
आतला श्वास बाहेर जातो,
बाहेरचा
आत
पाहुणा अंगणात दिसला की
दिवे मालवून गप्प बसणारी माणसं असतात ना,
तसे माझे ते दोन पडदे.
फटीतून जेमतेम शिरतो तो वारा
तेल न घातलेल्या फाटकासारखा करकरतो.

नऊ वर्षं त्याला दमा म्हणत होते.
निळा पंप खिशात, निळा पंप उशाशी,
निळा पंप ट्रॅक्टरच्या खणात.
एका रात्री दवाखान्यात बोटाला चिमटा लावून
कोवळ्या डॉक्टरने आकडा दाखवला, अठ्ठ्याण्णव.
बघा, म्हणाला, तुम्ही अगदी ठीक आहात.
अठ्ठ्याण्णव टक्के ठीकच होते मी.
मरत होते ती उरलेल्या दोनात.

मग कुणीतरी नेरिसकडे पाठवलं.
तिने नाकातून बारीक कॅमेरा सोडला,
पट्ट्यावर पळवलं,
आणि पडद्यावर दिसले ते: दोन पांढऱ्या कडा,
मी श्वास ओढते तेव्हाच एकमेकींना बिलगणाऱ्या.
मी रडले. भीतीने नाही.
साक्षीदार मिळाला म्हणून.

ती म्हणाली, घ्यायची घाई करू नकोस. आधी दे.
ओठांचा चंबू कर, गरम चहावर फुंकर घालतेस तशी.
जीभ सैल सोड. खांदे उतरव.
मग नाकाने एवढंसं, फूल हुंगल्यासारखं.
घाबरू नकोस, असं मात्र
ती एकदाही म्हणाली नाही.

तर फुंकर घालते आहे. रिंगण गप्प.
दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत
आणि त्यांना वाटतंय, बाई ताणते आहे.
योर्वर्थला तर वाटतंय मी देव आहे.
टोपीवाल्याच्या पलीकडे एक बोट वर होतं.
चारशे ऐंशी.
मी शब्द काढलेला नाही.
टोपी चिडते. पाचशे.
फुंकर.
बोट. पाचशे दहा.
एडका मान वळवून माझ्याकडे बघतो.
फूल, एवढंसं. पुन्हा एवढंसं.

कडी निघते.
थंड, ओली, लोकरीच्या वासाची हवा
आतपर्यंत चालत येते, बुटांसकट.

तीनवार, म्हणते मी,
कुणा दुसऱ्याच्या घोगऱ्या आवाजात,
आणि हातोडी टाकते.

नंतर चहाच्या टपरीपाशी योर्वर्थ म्हणाला,
पुढच्या साली माझ्या पाळीला असंच थांब हं, पोरी.
मोठ्याने हसले असते, पण हसण्यानेही ते दार लागतं.
डोळ्यांनी हसले.

शेजारी बसून गेथिन भाव लिहितो.
त्याला माहीत आहे. आम्ही कधी बोललो नाही.
माझा आवाज अडला की त्याची पेन्सिल हवेत थांबते,
आणि सुटला की
समासात एक बारीकशी रेघ उमटते.
आज पान उलटताना दिसल्या:
मार्चपासून अकरा.
अकराव्या रेघेखाली त्याने
कोपरापर्यंत रेटलेली बाही खाली ओढली, चष्मा पुसला,
आणि पुढच्या बारा मेंढ्यांचा आकडा टाकला.